हनुवटी टेकवा, हलू नका

मी लोकांना बघायला शिकवते. असं सांगितलं की ऐकणारा आधी हसतो, आणि मी थट्टा करत नाही हे कळलं की जरा सरकून बसतो. माझ्या अम्मीने तर शेजारीपाजारी "शमा डोळ्यांच्या दवाखान्यात आहे" एवढंच सांगायचं ठरवून टाकलंय. पण माझं पद खरोखरच दृष्टिप्रशिक्षक असं आहे. बारा-पंधरा वर्षं अंधारात काढलेल्या माणसाच्या डोळ्यांत पुन्हा उजेड शिरला की त्याला लगेच सगळं दिसतं, हा सिनेमातला समज. प्रत्यक्षात त्याला दिसतो नुसता गोंधळ. दार कुठलं आणि दाराची सावली कुठली हे त्याला नव्याने शिकावं लागतं. ते मी शिकवते. मला धीर कमी आहे आणि तोंड जरा जास्त आहे, तरी बरं शिकवते.

मिरजेतली आमची नेत्रविकार संशोधन आणि प्रशिक्षण संस्था एका गोष्टीसाठी ओळखली जाते, ती म्हणजे स्थिरता. आमचे संचालक डॉ. श्रीरंग गोसावी यांनी आयुष्यभर डोळ्यांचे डॉक्टर घडवले, आणि प्रत्येकाची सुरुवात एकाच परीक्षेने झाली. खाटकाकडून सकाळी आणलेला बकऱ्याचा डोळा समोर ठेवायचा, पंजाच्या मागच्या बाजूवर एक रुपयाचं नाणं ठेवायचं आणि केसाहून बारीक दोऱ्याने टाका घालायचा. नाणं पडलं तर सर रागवत नाहीत. ते उचलून स्वतःच्या खिशात टाकतात आणि पुढच्या टेबलाकडे जातात. रागवले असते तर परवडलं असतं असं सगळे विद्यार्थी म्हणतात. रुपयाची नाणी बाजारातून कधीच गेली, पण सरांचा खिसा अजून वाजतो.

तपासणीच्या खोलीतही तोच धर्म. रुग्णाने यंत्रापुढे बसायचं, हनुवटी टेकवायची, कपाळ पट्टीला लावायचं. "हनुवटी टेकवा, समोर बघा, हलू नका." हे वाक्य मी झोपेतही म्हणते अशी घरात तक्रार आहे.

तर अशा या संस्थेत त्या वर्षी आम्ही सगळे गटांगळ्या खात होतो.

आजार पडद्याचा होता. डोळ्याच्या मागच्या पडद्यावर उजेड टिपणाऱ्या पेशी असतात. काही घराण्यांत जन्मापासूनच असा दोष असतो की या पेशी हळूहळू मरत जातात. आधी संध्याकाळी दिसेनासं होतं, मग कडेचं दिसेनासं होतं, शेवटी काहीच उरत नाही. मात्र या पेशींच्या पाठीमागे मेंदूकडे निरोप नेणाऱ्या पेशींची आणखी एक फळी असते आणि ती शाबूत राहते. म्हणजे पत्रं लिहिणारे गेले, पोस्टमन नुसते बसून आहेत. आम्ही त्या पोस्टमनांनाच लिहायला शिकवलं. एका शेवाळाला उजेड कळतो तो त्यातल्या एका प्रथिनामुळे. त्या प्रथिनाचं जनुक निरुपद्रवी विषाणूच्या पाठीवर बसवून सुईने डोळ्यात सोडलं, की काही महिन्यांत या मागच्या पेशी स्वतःच उजेड ओळखू लागतात. फक्त त्यांना साधा उजेड पुरत नाही. म्हणून एक गॉगल. त्यातला कॅमेरा समोरचं दृश्य टिपतो आणि तेच दृश्य भगभगीत नारिंगी प्रकाशात डोळ्याच्या आत, उपचार केलेल्या नेमक्या जागेवर टाकतो.

पहिल्या तुकडीत सहा रुग्ण होते. सहाही जणांना दिसलं. आणि सहाही जणांचं दिसलेलं तीन-चार सेकंदांत विरून गेलं. मी चित्राचं कार्ड धरायची, रुग्ण म्हणायचा "छत्री", आणि पुढच्याच श्वासाला म्हणायचा "गेली". पुन्हा डोळे मिटून उघडले की क्षणभर छत्री, पुन्हा अंधार. सरांचं म्हणणं पडलं की पेशी दमतात. आम्ही विश्रांती वाढवली, उजेड वाढवला, औषधं बदलली. काही फरक पडला नाही.

महिनाअखेरीला बाहेरची समिती येणार होती. तिची अट साधी होती. एका तरी रुग्णाला अर्धा मिनिट सलग दिसलं पाहिजे. नाही दिसलं तर प्रयोग बंद आणि दुसरी तुकडी रद्द.

त्या सहा जणांत सर्जेराव लोंढे होते. एसटीतले कंडक्टर, गाड्यांत तिकिटाची यंत्रं बसली त्याआधीच्या शेवटच्या पिढीतले. चाळिशीतच नजर गेली आणि घरी बसले. जतच्या बाजूच्या एका वाडीतून ते दर आठवड्याला यायचे आणि सोबत त्यांची लेक स्वरांजली असायची. तिला विसावं लागलं होतं. दुसऱ्या तुकडीतलं पहिलं नाव तिचं होतं, कारण बापाचा आजार तिच्यात उतरला होता. दिवसा तिला ठीक दिसायचं, दिवेलागण झाली की नाही. त्यामुळे सकाळी ती त्यांना हाताला धरून मिरजेला आणायची, आणि संध्याकाळी फाट्यावर उतरल्यावर ते तिला हाताला धरून वाडीवर न्यायचे. हे सर्जेरावांनीच मला हसत हसत सांगितलं. मला काही हसू आलं नाही.

"माझं काय हाय म्याडम," ते म्हणायचे, "माझी गाडी डेपोत लागली. पोरीची अजून सुटायचीय. तिच्यापायी बसतोय तुमच्या खुर्चीत."

एका मंगळवारी तपासणी नेहमीसारखी पार पडली, म्हणजे काहीच पार पडलं नाही. मी कार्डं गोळा करत होते. सर्जेराव हनुवटी टेकवलेलीच ठेवून म्हणाले, "म्याडम, येक बोलू का? एस्टीत मला दिसतंय."

"काय दिसतं?"

"समदं. म्होरल्या शिटावरच्या बाईचा आंबाडा दिसतोय. शाळा दिसती, पाण्याची टाकी दिसती. पोरगी दिसती, आज्जीवर गेलीया नाकानं. आन दिसल्यालं ऱ्हातंय बगा, लगेच जात न्हाई. हितं आलं, तुमच्या ह्या घोड्यावर तोंड ठिवलं, की झाली बोंब."

मी जवळजवळ पळतच सरांकडे गेले. सरांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"मुजावर, त्या रस्त्यावर या माणसाने अठरा वर्षं तिकिटं फाडली आहेत," ते म्हणाले. "डोळे मिटले तर तुम्हाला तुमचं स्वयंपाकघर दिसत नाही का? त्यांना ती टाकी अशीच दिसते. आणि नाक आजीसारखं आहे हे त्यांना घरच्यांनी कितीदा सांगितलं असेल."

"पण ते कशाला खोटं..."

"खोटं म्हणत नाही मी. त्यांना दिसायला हवंय. प्रयोग चालला तर मुलीला उपचार मिळणार आहेत. त्यांच्या जागी मी असतो तर मलाही दिसलं असतं."

सर हे कुत्सितपणे बोलले असते तर मी भांडले असते. ते फार समजुतीने बोलले, त्यामुळे माझी पंचाईत झाली.

बाहेर आले तर व्हरांड्यात वेगळंच चाललं होतं. स्वरांजलीच्या कपाळावर, भुवईच्या वर, त्या दिवशी पांढरी पट्टी चिकटवलेली होती. सकाळी मी काय झालं म्हणून विचारायला गेले तर तिने बापाकडे बघत मला डोळ्यांनीच गप्प केलं होतं. आता ती बापाशी हळू पण कडक आवाजात बोलत होती.

"आप्पा, माझ्यापायी खोटं बोलू नका. हितली माणसं हसतात आपल्याला."

"आगं खरंच दिसतंय."

"मग हितं का दिसत न्हाई? तुम्हाला वाटतंय मला औषध मिळावं म्हणून. मला नको असलं औषध. तुम्ही खोटं बोलून मिळालेलं नको."

गाडीच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाईल असा ज्यांचा आवाज, त्या सर्जेरावांनी गॉगल काढला, डबीत ठेवला, डबी चाचपत बंद केली. "बरं," ते पुटपुटले. "न्हाई दिसत मग. तसं सांगा तुमच्या सायबास्नी."

मला त्या मुलीचा राग आला आणि तिची दयाही आली. ती चुकत होती असंही मला सांगता येईना. पण मला एक खोड आहे. खरं-खोटं केल्याशिवाय माझं जेवणात मन लागत नाही. मी पर्समध्ये चित्रांची कार्डं टाकली, अर्ध्या दिवसाची रजा सांगितली आणि त्यांच्याबरोबर दुपारच्या गाडीत चढले.

"सर्जेरावमामा, गॉगल घाला," मी सीटवर बसता बसता म्हटलं.

"कशाला म्याडम? न्हाई म्हणलं ना दिसत."

"माझ्यासाठी घाला. तिकीट काढलंय मी."

तिकिटाचा मान त्यांनी राखला. गाडी सुटताना निघायच्या दोन घंटा द्यायला त्यांचा हात सवयीने वर गेला आणि घंटेची दोरी शोधून रिकामा खाली आला. या नव्या विजेच्या गाड्यांना दोरीच नसते. गाडी हमरस्त्याला लागली आणि पाण्यावरून चालल्यासारखी चालू लागली. मी कार्डं पिसली, न बघता एक काढलं आणि त्यांच्यासमोर धरलं.

"घागर," ते म्हणाले. "गेली."

दुसरं. "पतंग. गेला." तिसरं, चौथं. दवाखान्यात होत होतं तेच. स्वरांजली खिडकीबाहेर बघत बसली होती, ओठ घट्ट मिटून. मी कार्डं मांडीवर ठेवून दिली. सरांचं बरोबर होतं, आणि आता हे या मुलीदेखत सिद्ध झालं होतं. उगाच आले असं मला फार वाटलं.

पुढे पुलाचं काम चाललं होतं. गाडी हमरस्ता सोडून खालच्या कच्च्या रस्त्यावर उतरली आणि जी नाचायला लागली, की माझी पर्स एकीकडे गेली, मी एकीकडे, आणि मांडीवरची कार्डं गाडीभर झाली.

"म्याडम," सर्जेराव म्हणाले, "हत्ती पडला की तुमचा."

मी खाली बघितलं. बाकांच्या मधल्या वाटेत बरीच कार्डं पालथी पडली होती. एकच उताणं होतं. त्यावर हत्ती होता.

मी एका हाताने बार धरला आणि दुसऱ्या हाताने हाताला येईल ते कार्ड उचलून त्यांच्यासमोर धरलं. "होडी," ते म्हणाले. मी धरून ठेवलं. "होडीच हाय अजून. कुटं जाईल?" दुसरं. "किटली. हाय." तिसरं. "कोंबडा. हाय. त्याचा तुरा बी हाय." मागच्या बाकावरच्या एका म्हातारीला हा काय खेळ आहे ते कळलं आणि तिने पायाजवळची कार्डं वेचून मला द्यायला सुरुवात केली. "ए बाय, ह्ये दाव. आता ह्ये दाव." निम्मी गाडी आमच्याकडे वळून बसली होती. प्रत्येक बरोबर उत्तराला कोणीतरी टाळी वाजवून शाबास म्हणत होतं.

मग सर्जेरावांनी मान लेकीकडे वळवली आणि बराच वेळ तशीच ठेवली.

"स्वरे, कपाळाला काय चिकटवलंयस त्ये? पांढरं?"

तिचा हात चटकन पट्टीवर गेला. "काय न्हाई आप्पा."

"काय न्हाई कसं? दिसतंय की मला. कधी लागलं?"

गेल्या आठवड्यात दिवेलागणीला ती एकटीच दूध आणायला गेली होती आणि दुकानाच्या अर्ध्या ओढलेल्या शटरवर कपाळ आपटलं होतं. बापाला कळू नये म्हणून तिने घरातल्या सगळ्यांची तोंडं बंद केली होती. सकाळी येताना गर्दीत दोघांना वेगवेगळ्या बाकांवर जागा मिळाली, म्हणून तेव्हाही त्यांना पट्टी दिसली नव्हती. हे सगळं तिने त्या उसळत्या गाडीत सांगितलं, रडत आणि मध्येच हसत, आणि त्यांचा हात दोन्ही हातांत धरून. "खरंच दिसतंय तुम्हाला," ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. माझ्याही डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मला त्याची जराही लाज वाटत नव्हती.

गाडी पुन्हा वर डांबरी रस्त्याला लागली. गचके थांबले.

"गेलं," सर्जेराव म्हणाले.

सगळी गाडी हळहळली. "ड्रायव्हरला म्हणावं घे पुन्हा खाली," म्हातारी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गॉगल बनवणाऱ्या इंजिनिअरला, आमच्या तन्मय शेट्येला, चहाच्या कपासकट गाठलं. "तन्मय, डोकं हललं तर हा गॉगल काय करतो?"

त्याचा चेहरा खुलला. त्याच्या कामाबद्दल आपणहून कोणी विचारत नाही. "काहीच होत नाही मॅडम, तीच तर गंमत आहे. डोकं हलू दे, बुबुळ इकडेतिकडे सरकू दे, चित्र त्याच्याबरोबर सरकतं. पडद्यावर जिथे टाकलं तिथून हलत नाही. भिंतीला खिळा मारल्यासारखं. फारच गचके बसले तर मात्र निसटतं. ते पुढच्या गॉगलमध्ये दुरुस्त करतोय."

मी त्याच्याच खुर्चीत बसले.

निरोगी डोळा कधीच स्थिर नसतो. आपण टक लावून बघतो तेव्हासुद्धा बुबुळ केसभर थरथरत असतं, फक्त आपल्याला ते जाणवत नाही. ती थरथर म्हणजे दोष नव्हे, तिच्यावरच बघणं चालतं. कारण निरोप नेणाऱ्या पेशी समोर काय आहे हे सांगत बसत नाहीत, काय बदललं तेवढं सांगतात. सकाळी चष्मा घालताना नाकाला कळतो, मग दिवसभर नाक त्याला विसरून जातं, आणि सरकला की पुन्हा कळतो. तसंच हे. आम्ही सहा माणसांच्या डोळ्यांत चित्रं खिळे मारून बसवली होती, आणि वर त्यांना हनुवटी टेकवायला लावून हलू नका म्हणून दटावत होतो. पोस्टमन दमले नव्हते. त्यांच्याकडे नवीन टपालच येत नव्हतं.

तन्मयला हे माझ्याहून आधी कळलं असावं, कारण त्याचा चहा तसाच राहिला. "म्हणजे माझा सगळ्यात चांगला भागच नडला," तो म्हणाला. मी त्याचा गार चहा त्याच्यापुढे सरकवला.

हा खिळा काढणं तन्मयच्या दृष्टीने दुपारचं काम होतं. पण कोणी मध्येच फेरफार करू नये म्हणून समितीने गॉगलची सगळी मांडणी आधीच कुलूपबंद केली होती, आणि ते योग्यच होतं. आता परीक्षा होईपर्यंत चित्र सोडवता येणार नव्हतं. माणूसच हलवावा लागणार होता. आणि डॉ. गोसावींच्या संस्थेत, समितीदेखत, रुग्णाला गदागदा हलवायची परवानगी डॉ. गोसावींकडेच मागायची होती.

सर शिकवण्याच्या प्रयोगशाळेत होते. दहा-बारा शिकाऊ डॉक्टर नाणी सांभाळत टाके घालत होते. मी एका दमात सगळं सांगून टाकलं.

"बसमधल्या टाळ्यांवर विज्ञान चालत नाही, मुजावर," सर म्हणाले.

"टाळ्या सोडा. तुम्ही फक्त एकदा बसा."

कोपऱ्यात तपासणीचं यंत्र होतं. त्याच्या पडद्यावर मी एक काळा ठिपका काढला आणि त्याच्याभोवती फिकट राखाडी कडं काढलं. आधी विद्यार्थ्यांना बसवलं. ठिपक्यावर नजर ठेवायची आणि कडं नाहीसं झालं तर सांगायचं. काहींचं बऱ्याच वेळाने गेलं, काहींचं गेलंच नाही. तरुण पोरं, बुबुळ एका जागी ठरतंय कशाला.

मग सर बसले. मला ते वाक्य म्हणावंच लागलं. "हनुवटी टेकवा सर. समोर बघा. हलू नका."

कोणी हसलं नाही. सर बसले ते दगडासारखे बसले. ज्या नजरेने त्यांनी हजारो डोळ्यांत टाके घातले ती नजर ठिपक्यावर टेकली आणि तिथेच राहिली.

"गेलं," ते लगेचच म्हणाले.

इतक्या लवकर कोणाचंच गेलं नव्हतं. सर तसेच बसून राहिले, जे दिसत नव्हतं त्याच्याकडे बघत. मग त्यांची पापणी लवली. "आलं परत." त्यांनी हनुवटी उचलली. "हे मला ठाऊक आहे, मुजावर. एम.एस.च्या परीक्षेत दोन मार्कांना होतं. मी बरोबर लिहिलं होतं."

"मग?"

"मग पास झालो आणि विसरलो." ते माझ्याकडे बघून हसले, आणि मला एकदम हलकं वाटलं. "समितीपुढे त्यांना कोण हलवणार?"

समितीच्या अध्यक्ष डॉ. विमल लाहोटी नागपूरहून आल्या होत्या. त्यांनी स्वतःची कार्डं आणली होती, आमच्यापैकी कोणी पाहिलेली नव्हती. सर्जेराव चाकाच्या स्टुलावर बसले होते, इस्त्रीचा शर्ट घालून. स्वरांजली भिंतीला पाठ लावून उभी होती. तिला बाहेर थांबता येणार नाही असं तिने सकाळीच सांगितलं होतं.

आधी रीतीप्रमाणे हनुवटी टेकवून परीक्षा झाली. "कात्री. गेली." डॉ. लाहोटींनी मान हलवली. त्यांना अहवालात हेच वाचायला मिळालं होतं.

मग सरांनी ते हनुवटीचं स्टँड बाजूला सारलं. हलवण्याचं काम माझ्याकडे ठरलं होतं, पण मी पुढे व्हायच्या आत सर स्टुलामागे जाऊन उभे राहिले. त्यांनी कोटाच्या बाह्या वर केल्या, स्टुलाची बैठक दोन्ही हातांनी धरली आणि हलवू लागले.

"डॉक्टर गोसावी, काय करता आहात?" डॉ. लाहोटी म्हणाल्या.

"हलवतोय," सर म्हणाले.

"अजून जोरात घ्या सायेब," सर्जेराव म्हणाले. "ह्यो रस्ता लई गुळगुळीत झाला."

सरांनी जोर वाढवला. स्टूल खडखडायला लागलं. खिशातली नाणी खुळखुळायला लागली. ज्या हातावरून आजवर कधी नाणं पडलं नाही ते हात भर सभेत एका माणसाला कच्च्या रस्त्यावरून नेत होते, आणि दाराशी दाटीने उभे असलेले विद्यार्थी डोळे फाडून बघत होते.

"मासा," सर्जेराव म्हणाले. "मासाच हाय. अजून हाय. शेपूट वर हाय त्याचं. अजून हाय बगा." अर्धा मिनिट झालं आणि उलटून गेलं. डॉ. लाहोटींनी हात वर केला, सर थांबले. "गेला," सर्जेराव म्हणाले. हात खाली, सर सुरू. "आला." असं त्यांनी पुन्हा पुन्हा केलं, वेगवेगळ्या कार्डांवर, कधी लवकर तर कधी उशिरा. मग त्यांनी एक कार्ड धरलं आणि शांतपणे विचारलं, "आता हे काय आहे?"

सर्जेराव बघत राहिले. स्वरांजलीने ओढणीचं टोक दातात धरलं.

"काय न्हाई म्याडम," ते म्हणाले. "कोरं हाय."

डॉ. लाहोटींनी कार्ड आमच्याकडे वळवलं. ते कोरं होतं. स्वरांजली भिंतीला टेकून मुसमुसत खाली बसली. बापाला खोटं बोलायचं असतं तर याहून सोपी जागा नव्हती, हे तिच्याइतकं कोणालाच कळलं नसेल.

एवढ्यात सरांच्या खिशातून एक नाणं उसळलं आणि फरशीवरून गोल फिरत गेलं.

"सायेब, रुपाया पडला तुमचा," सर्जेराव म्हणाले आणि बोटाने दाखवला.

दाराशी उभी असलेली पोरं नाण्याकडून सरांकडे बघू लागली. त्या संस्थेत नाणं पडणं म्हणजे काय ते त्यांना चांगलं ठाऊक होतं.

"पडू दे," सर म्हणाले. ते स्टूल हलवतच राहिले.

प्रयोग बंद झाला नाही. कुलूप निघाल्यावर तन्मयने आपला सगळ्यात चांगला भाग आपल्याच हाताने काढून टाकला आणि त्याजागी केसभर थरथर घातली, निरोगी डोळ्यात असते तेवढीच. पहिल्या दिवशी सहाही जण खोलीत नुसते बसून एकमेकांकडे बघत होते, बोलायचं सोडून. मी शिकवायला गेले होते, पण मीही बसून राहिले. सरांची नाण्याची परीक्षा अजून आहे. फक्त नाणं पडलं नाही की आता ते विद्यार्थ्याला यंत्रापुढे बसवून कडं नाहीसं होताना दाखवतात, आणि हात स्थिर ठेवायचा, डोळा नाही, असं बजावतात.

स्वरांजलीवर पुढच्या वर्षी उपचार झाले. तिच्या पेशी अजून बऱ्याच शिल्लक होत्या, त्यामुळे दिवसा तिला काहीच लागत नाही आणि दिवेलागणीनंतर फक्त गॉगल लागतो. शिकवणीचा शेवटचा वर्ग मी मुद्दाम संध्याकाळी ठेवला. संपला तेव्हा बाहेर चांगलंच अंधारून आलं होतं.

मी दोघांना पायऱ्यांपर्यंत सोडायला आले. दोघांच्याही डोळ्यांवर गॉगल. सवयीने तिचा हात त्यांच्याकडे गेला आणि त्यांचा तिच्याकडे, आणि मग दोघंही तशीच थांबली. आता कोणी कोणाला धरायचं हे ठरेना.

सर्जेरावांनी आपला हात मागे घेतला, डोक्यावर नेला आणि तिथे नसलेली दोरी दोनदा ओढली. स्वरांजली हसली, आणि दोघं आपापल्या पायरीवर आपापले पाय ठेवत खाली उतरून गेली.